आमच्या घरातला पंजा

गिरगाव
३० जून २०२५

चि. अनुजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. अँटॉप हिलहून गिरगावात यायला त्याने जवळजवळ आठवडा घेतला, म्हणजे बहुतेक वाटेत नातेवाइकांकडे उतरत उतरत आलं असावं. पण तू लिहितेस हे फार बरं वाटतं गं. फोनवर मला कप्पाळ ऐकू येतं. ते कानातलं यंत्र घातलं की शिट्ट्या मारतं, त्यापेक्षा बहिरी राहिलेली बरी. शेजारची सुचित्रा म्हणते, तुम्ही बोलता ते मात्र अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जातं. जाऊ दे. मी काय कुणाची चोरी केली आहे?

मोहरम सुरू झाला. नेहमीसारखा चांदीचा पंजा देवघरातून काढला, रांगोळीने घासला, हिरवा नाडा बांधून खिडकीत उभा केला आणि ऊद घातला. तळव्यावर पूर्वी उर्दूत काहीतरी कोरलेलं होतं, तुला आठवतं का? तुझ्या आजीने आणि मी घासून घासून ती अक्षरं पार घालवली. आता नुसती नक्षी वाटते. यंदा दहावा दिवस आणि आषाढी एकादशी एकाच रविवारी आली आहे. म्हणजे मला उपासाची खिचडी आणि पंजाचा मलिदा एकाच गॅसवर करायचाय.

आता खरं कारण. विक्रांतच्या मनवाला चौथा महिना लागला, हे तुला माहीतच आहे. आधीच्या दोन वेळांना काय झालं तेही माहीत आहे. परवा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, आत्या, ह्यांच्या वेळचं मला सगळं नीट सांगा. मी सांगितलं. तुझा भाऊ सातव्या महिन्यात झाला, कापसात गुंडाळून ठेवला होता, डॉक्टरांनी मान हलवली होती. माझी आई अनवाणी परळच्या ताबुतापर्यंत गेली, आणि हे पोर जगलं तर पाच वर्षं मोहरमात त्याला फकीर करीन, असं बोलली. येताना तिथल्या म्हाताऱ्याने तिच्या हातात हा पंजा दिला. आणि विक्रांत जगला. हिरवा सदरा घालून दारोदार मूठभर साखर मागायला जायचा आणि जिन्यातच बसून ती खाऊन टाकायचा लबाड! तेव्हापासून माझ्या तोंडी तो फकीरच.

हे ऐकून ती म्हणाली, माझ्या बाळासाठीही बोला. मी बोलले. तिच्या दंडाला पंजाचा हिरवा गंडा बांधला, बाहीच्या आत. विक्रांतला सांगितलेलं नाही. तिनेच नको म्हटलं. मी चूक केली का गं? तू लिही काय ते.

जावईबापू उन्मेष यांना आशीर्वाद. लोभ आहे तेवढा पुरे, फार वाढवलास तर मला पेलायचा नाही.

तुझी,
ललिता आत्या


अँटॉप हिल
४ जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ह्या वेळेस तीन दिवसांत! पोस्टमन बदलला असणार.

गंडा बांधलास, छान केलंस. मनवाला काहीतरी धरायला हवंय. डॉक्टर सोनोग्राफी दाखवतात, तू गंडा बांधतेस. दोन्ही असू देत. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. आणि माझा ह्या सगळ्यावर किती विश्वास आहे ते तुला माहीतच आहे.

पण आत्या, एक सांगू? रागावू नकोस. विक्रांतला गॅलरीतून फकीर म्हणून हाक मारू नकोस ना. घरात मार, हजारदा मार. पण खाली माणसं असतात. त्याने मला फोन करून सांगितलं, तुला सांगायची त्याची हिंमत नाही. ह्या वर्षी पालिकेची निवडणूक होईल म्हणतात आणि त्याला वॉर्डातून तिकीट मिळायचे चान्सेस आहेत. मंडळाचं सगळं तो बघतो, झेंडे लावतो, गाडीच्या काचेवर तो लालबुंद डोळ्यांचा मारुती चिकटवलाय. मी म्हटलं त्याला, अरे आपल्या देवघरातला मारुती असा हात जोडून खाली बसलेला आहे, हा कधीपासून एवढा चिडला? तर म्हणतो, ताई, तू त्यात पडू नको, आता असाच चालतो.

तो वाईट नाहीये गं. त्याच्या आजूबाजूची माणसं रोज उठून कोण आपला, कोण त्यांचा, हे मोजत बसलेली असतात. त्यांच्यात ‘फकीर’ ही हाक म्हणजे आयतीच मिळाली. तू लाडाने मारतेस, पण ते काय तुझा लाड ऐकणार आहेत?

शनिवारी शाळेत पालकसभा आहे, रविवारी पेपर तपासायचेत, त्यामुळे मलिदा हुकणार. माझ्या वाटचा डब्यात ठेव. शिळा मलिदा मला जास्त आवडतो.

प्रेम करतेस तशीच करत राहा, ओरडतेस तशीही ओरडत राहा. फक्त गॅलरीतून नको.

तुझी,
अनुजा


गिरगाव
८ जुलै २०२५

चि. अनुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं. रविवारी आलं असतं तर बरं झालं असतं.

रविवारी दुपारी मी विठ्ठलाला तुळस वाहिली, पंजाला मलिदा दाखवला आणि विक्रांतला बोलवायला गॅलरीत गेले. तो खाली कुणाशी तरी बोलत उभा होता. मी आपली नेहमीची हाक मारली. अरे फकीर, तुझा वाटा ठेवलाय, वर ये. खाली सात-आठ जण होते. सगळ्यांनी वर बघितलं. विक्रांतने नाही बघितलं.

मग ते सगळ्यांत मोठे जे होते, अमितभाऊ म्हणतात त्यांना, ते त्याच्याबरोबर वर आले. वाकून माझ्या पाया पडले. माणूस गोड हो, आवाज चढवून, माझ्या कानाशी येऊन बोलले. खिडकीतला पंजा बघून हसले. म्हणाले, आजी, तुमचं मत ह्या निशाणीला जातं वाटतं? मीही हसले. आणि मग मी सगळं सांगितलं. सात महिन्यांचं पोर, कापूस, ताबूत, हिरवा सदरा, साखर, सगळं. मला काय वाटलं माहितीये? असा पाहुणा क्वचित येतो, जो विचारतो. तुझ्या वयाची मुलं तर ‘माहितीये आत्या, शंभरदा ऐकलंय’ म्हणून मोबाइलमध्ये तोंड घालतात. त्यांनी मलिदा खाल्ला, आणखी मागून घेतला. जाताना म्हणाले, जुन्या लोकांची श्रद्धा जुन्या लोकांची. मी खूश.

विक्रांत दारात उभा होता. त्याचा चेहरा मी नंतर आठवला. तेव्हा नाही बघितला.

संध्याकाळी त्यांच्या ग्रुपवर ती गोष्ट फिरायला लागली म्हणे. आमचा उमेदवार पाच वर्षं फकीर होता, त्याच्या घरात अजून मोहरमची सवारी बसते, आणि पुढे हसणारी तोंडं. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या वळणावर कुणीतरी हिरव्या खडूने हाताचा पंजा काढला होता आणि आपल्या दाराकडे बाण. अनुजा, तोच आकार गं. पाच बोटं. मी रोज ज्याला हात जोडते तोच. पण जिन्यात माझे हात जुळले नाहीत. शिवी कशी दिसते ते मला तेव्हा कळलं. विक्रांत ओल्या फडक्याने पुसत होता आणि तो हिरवा रंग नुसता पसरत होता.

मग तो माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, आत्या, एकतर तो पंजा... तेवढ्यात मनवा कपडे वाळत घालायला हात वर करून उभी होती, बाही मागे सरकली आणि त्याने गंडा बघितला. ओरडला नाही. ओरडला असता तर मी चार शब्द सुनावले असते. तिच्याकडे नुसता बघत राहिला. तिनेच गंडा सोडला आणि माझ्या हातात आणून दिला.

पंजा मी अजून खिडकीतून हलवलेला नाही. मलिदा तुझ्या वाटचा होता, तो कुणी खाल्ला नाही.

तुझी,
ललिता आत्या


अँटॉप हिल
१३ जुलै २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उन्मेषला वाचून दाखवताना मध्येच थांबावं लागलं.

तुझं काही चुकलेलं नाही. घरी आलेल्या माणसाला घरातली गोष्ट सांगायची नाही, असा नियम कधी झाला, कुणी केला, मला माहीत नाही. पण झालाय. आणि आपल्याला कुणी कळवलं नाही.

मी विक्रांतशी फोनवर भांडले. तो म्हणाला, ताई, तुला अँटॉप हिलवरून बोलायला काय जातं, जिना मी पुसतो. मग मी फोन ठेवला आणि रागाच्या भरात त्याचा नंबर ब्लॉक केला.

आत्या, मी खूप विचार केला. पंजा घरात ठेवलास तर रोज भांडण होणार आणि त्यात मनवा भरडली जाणार. आजीने तो जिथून आणला तिथेच परत दिला तर? परळच्या त्या गल्लीत ताबूत बसायचा ना? लहानपणी तू मला तिथे नेलं होतंस, त्या म्हाताऱ्या चाचांनी मला सरबत दिलं होतं. त्यांच्यापैकी कुणीतरी असेल. निदान तिथे त्याला मान मिळेल. तुला वाटेल तेव्हा टॅक्सीने जाऊन बघून येता येईल. मनवाचं बाळ झालं की त्यालाही तिथेच नेऊ. नवस पंजाला बोललीस, खिडकीला नाही.

पटत नसेल तर नको करूस. पण अडगळीत टाकलेला बघण्यापेक्षा हे बरं, नाही का?

तुझ्या तब्येतीची काळजी घे आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी,
अनुजा


गिरगाव
२६ जुलै २०२५

चि. अनुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं ऐकलं. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पंजा गुंडाळला, पिशवीत घातला आणि सुचित्राला बरोबर घेऊन परळला गेले. मनवाला फक्त सांगितलं. तिने पिशवीला बाहेरूनच हात लावला.

गल्ली सापडली. वर मोठमोठी काचेची ऑफिसं झालीत, पण गल्ली तीच. म्हातारे चाचा कधीच गेले. त्यांचा नातू भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचा पट्टा. मला आजी म्हणाला, खुर्ची दिली, आणि मराठी अशी बोलला की आपल्या विक्रांतने त्याच्याकडे शिकवणी लावावी. मी पिशवी उघडली. त्याने बघितलं आणि दोन्ही हात मागे नेले. मी पुढे धरला, तर तो आणखी मागे सरकला.

म्हणाला, आजी, आम्ही ताबूत बसवणं बंद केलं. आता आमच्यातले शिकलेले लोक सांगतात की धातूपुढे झुकणं हे आपल्या धर्मात बसतच नाही, आजोबांच्या पिढीचं अज्ञान होतं ते. मी विचारलं, तुला स्वतःला काय वाटतं? तो म्हणाला, मला वाटून काय उपयोग? मग दार जरा लोटून घेतलं आणि म्हणाला, दुसरंही सांगतो. तुमच्या घरची चांदी आमच्या घरात सापडली, तर उद्या कुणी काय अर्थ काढेल सांगता येत नाही. मला दोन मुली आहेत.

त्याची भीती मला कळली. आपल्या जिन्यातली आणि त्याच्या घरातली भीती एकाच गिरणीतून दळून आणल्यासारखी.

त्याच्या बायकोने सरबत दिलं. पूर्वीसारखंच होतं, सब्जा घातलेलं. तो टॅक्सीपर्यंत सोडायला आला. मी आत बसल्यावर त्याने पिशवीकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि छातीवर हात ठेवला. पटकन. मग वळून गेला.

तुझा भाऊ म्हणतो हा त्यांचा आहे. ते म्हणतात हा आमचा नाही. मी त्याला परत आणला आणि कपाटात माझ्या पातळांखाली ठेवला. घरात देव लपवून ठेवायची वेळ माझ्यावर ह्या वयात आली. विक्रांतने पिशवी बघितली.

आता मी त्याला फकीर म्हणत नाही. विक्रांत म्हणायला जीभ वळत नाही. त्यामुळे हाकच मारत नाही. मनवाला सांगते, ह्यांना जेवायला बोलाव. जसा काही कुणी दुसऱ्याचा नवरा जेवायला आलाय.

तू मात्र लिहीत जा. माझा जीव लागून असतो.

तुझी,
ललिता आत्या


गिरगाव
४ सप्टेंबर २०२५

चि. अनुजा,
आशीर्वाद.

गणपती पाच दिवस होते, तू येऊन गेलीसच. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पातळ काढायला कपाट उघडलं. लुगड्याचा तुकडा होता. छान घडी घालून ठेवलेला. आत पंजा नव्हता.

विक्रांतला विचारलं. तो म्हणाला, आत्या, तो विषय संपला. मी विचारलं, समुद्रात टाकलास? तो मोरी धुवायला गेला. कधी नाही ते मोरी धुतली त्याने.

आई जाताना माझा हात धरून म्हणाली होती, देवघरातले सगळे सांभाळ, एकही कमी होऊ देऊ नकोस. मी लग्न केलं नाही, दुसरं कुणाचं काही सांभाळलं नाही. एवढंच होतं.

मनवाने जेवण सोडलंय असं नाही, पण बाळासाठी जेवते एवढंच. आज जास्त लिहवत नाही.

ललिता आत्या


गिरगाव
१५ सप्टेंबर २०२५

ताई,

वर काय लिहितात ते विसरलो. शाळेत शिकवलं होतं. तू ब्लॉक केलंस म्हणून पत्र. हसू नको.

आत्याने तुला लिहिलंच असणार. मी नेला पंजा. आपल्या गणपतीच्या विसर्जनाला शर्टाच्या आत घालून चौपाटीवर नेला होता. ठरवलं होतं की गणपतीबरोबर हाही सोडायचा. दोघं एकत्र जातील, झंझट खतम. गणपती सोडला. मग हा हातात घेतला. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिलो. नाही सोडवला यार. आजी आठवली. आणि सदऱ्याची ती खाज आठवली, हिरवा सदरा नवीन असायचा, मानेला टोचायचा. मी ओरडायचो आणि आत्या आतून मऊ फडकं लावून द्यायची. साला, हे सगळं त्याच वेळी आठवायला पाहिजे होतं का?

घरी परत न्यायचा नव्हता. म्हणून मग लालबागला गेलो. एका मंडळाच्या गणपतीला लोक चांदीचे हात, पाय, डोळे वाहतात ना, नवसाचे? तिथे ढीग असतो. त्यात ठेवला. मला वाटलं, तिथे कुणी विचारणार नाही. हातात हात मिसळून जाईल. आणि लोक नमस्कार तरी करतील. रस्त्यावर तर टाकला नाही ना मी.

पण विसर्जनानंतर मंडळवाले त्या वस्तूंचा लिलाव करतात हे डोक्यातच नाही आलं. मंडळ चालवतो मी आणि माझ्याच डोक्यात नाही आलं. परवा होता लिलाव. मी गेलो होतो, मागे उभा राहिलो. त्यांनी माइकवर सांगितलं, हा बाप्पाचा आशीर्वादाचा हात, जुनी घडण आहे, असा पुन्हा मिळणार नाही. ताई, लोक तुटून पडले. ज्यांनी ग्रुपवर हसणारी तोंडं टाकली होती, त्यातला एक जण पुढे उभा राहून बोली लावत होता. मला हसायला पण येईना आणि ओरडायला पण. माझ्या खिशात तेवढं नव्हतं. गेला दुसऱ्या कुणाकडे.

तिकिटाचं विचारू नको. अमितभाऊंनी भाच्याचं नाव पुढे केलंय.

आत्या माझ्याशी बोलत नाही. हाक मारत नाही. तिची हाक बंद व्हावी असं मलाच वाटत होतं. आता गॅलरीत सगळं शांत असतं.

मनवा पण बोलत नाही फार. काय करू सांग.

विक्रांत


अँटॉप हिल
१९ सप्टेंबर २०२५

चि. विक्रांत,
आशीर्वाद. वर हे लिहितात, लहान भावाला.

नंबर अनब्लॉक केलाय, पण हे बोलून होणार नाही म्हणून लिहिते. कोणी घेतला ते मंडळाकडे नक्की असेल. शोध. परत मागायला नको, ते देणार नाहीत आणि का मागतोस ते तुला सांगताही येणार नाही. पण आत्याला आणि मनवाला एकदा नेऊन दाखव. मनवाने मला फोनवर एवढंच सांगितलं की तिला डिलिव्हरीआधी एकदा पंजासमोर उभं राहायचंय. आत्याला काय झालं ते खरं सांग. समुद्रात गेला असं तिला वाटतंय, त्यापेक्षा खरं बरं.

तू पाण्यातून तो परत आणलास, हे तिला जरूर सांग. मी सांगणार नाही. ते तुझ्या तोंडून जाऊ दे.

तुझी,
ताई


गिरगाव
९ ऑक्टोबर २०२५

चि. अनुजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही. रागावले नव्हते, लिहायला कागद घेतला की काय लिहू ते समजेना.

विक्रांतने सगळं सांगितलं. माझ्या पायाशी बसून, कानाशी तोंड आणून सांगितलं, कारण हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. पाण्यात उभा होता तेही सांगितलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस विरळ झालेत त्याचे.

काल आम्ही तिघं लालबागला गेलो. ज्या घरात पंजा आहे त्या बाईंचं नाव शेवंती. साठीच्या आत-बाहेर असतील. विक्रांतने त्यांना सांगितलं होतं, आमच्या आत्याला जुन्या चांदीची आवड आहे, तिला एकदा बघायचंय. त्यांच्या दारावर झेंडा होता, आणि तुझ्या भावाच्या काचेवर आहे तसला मारुती. जिन्यात विक्रांतने माझ्याकडे बघून हात जोडले.

आत शोकेसमध्ये गणपतीची तसबीर, आणि तिच्यापुढे लाल मखमलीवर आपला पंजा. मागे लुकलुकणारे दिवे. पाचही बोटांच्या टोकांना अष्टगंध लावलेलं, मनगटाला जास्वंदीचा हार. स्वच्छ ठेवलाय गं. आपल्यापेक्षा जास्त चकाकत होता. मी बघत राहिले. आपलं मूल दत्तक गेलेल्या घरी भेटायला जावं आणि त्याने परक्या बाईच्या पदरामागून आपल्याकडे बघावं, तसं झालं मला.

शेवंतीबाई म्हणाल्या, हा बाप्पाचा हात घरात आला आणि आमच्या मुलाची सुटलेली नोकरी परत मिळाली. रोज सकाळी त्या आधी ह्याला नमस्कार करतात, मग चहा. मनवाला बघून त्यांनी लगेच पाट मांडला, तिची ओटी भरली, आणि तिचा हात धरून पंजावर टेकवला. म्हणाल्या, माग काय मागायचं ते, ऐकतो हा. मनवा डोळे मिटून किती वेळ उभी होती. भली बाई आहे. मला तिच्यावर रागावायला जागाच सापडली नाही.

मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, आजी, तुम्हाला समजतं ना ह्यातलं. हा कुठला असेल? कुठल्या देवळातला? तळव्यावर ही नक्षी कसली आहे?

अनुजा, सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. आई, कापूस, अनवाणी पाय, परळची गल्ली. आयुष्यभर ज्याने विचारलं त्याला सांगत आले, ज्याने नाही विचारलं त्यालाही. आणि आता एवढ्या मायेने कुणीतरी विचारत होतं. विक्रांत खिडकीतून बाहेर बघत होता. मनवा माझ्याकडे. मी त्या दारावरच्या झेंड्याकडे बघितलं, शेवंतीबाईंच्या तोंडाकडे बघितलं. मी सांगितलं तर हे तोंड कसं होईल ते मला दिसलं. हे दिवे काढतील, हार काढतील, आणि हा पुन्हा कुणाच्या तरी पिशवीत जाईल. ह्या वेळेस कदाचित कुणी पाण्यातून परत आणणार नाही.

मी म्हटलं, गणपतीचाच आहे. जुना आहे, चांगल्या घरचा आहे. ती नक्षी म्हणजे वेलबुट्टी.

त्या म्हणाल्या, नैवेद्याला काय दाखवू ह्याला?

मी म्हटलं, मोदक.

टॅक्सीत बसल्यावर मनवाने विचारलं, आत्या, बाळ झालं की आपण बोललेलं फेडायचं कसं? हिरवा सदरा घालून ह्या बाईंच्या दारात तर जाता येणार नाही. पुढे बसलेल्या विक्रांतने ते ऐकलं, त्याचे खांदे मी बघितले. मी म्हटलं, आधी बाळ तर येऊ दे. ह्याला उत्तर म्हणत नाहीत, ते मलाही समजतं.

परळला ज्याला घेतलं नाही, गिरगावात ज्याला ठेवलं नाही, त्याला लालबागमध्ये जागा मिळाली, ती तो कोण आहे हे कुणाला माहीत नाही म्हणून. आणि ते कळू द्यायचं नाही ही राखण आता मलाच करायची आहे. म्हणून तुला एक सांगते, ते नीट ऐक. आपल्याकडे चांदीचा पंजा होता का, असं कुणी विचारलं तर मी नव्हता म्हणणार आहे. आज सकाळी सुचित्राने पंजाचं विचारलं, तिलाही मी तेच सांगितलं. ती तर माझ्याबरोबर परळला आली होती. माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, हो, नव्हता.

तूही नव्हता म्हण. उद्या मनवाच्या बाळाने विचारलं तरी.

तब्येत सांभाळ, उन्मेषना आशीर्वाद. माझ्यावर लोभ असू दे, मी खोटं बोलायला लागले असले तरी.

तुझी,
ललिता आत्या